अनूरूचें सारथ्य

सूर्याच्या रथाचा सारथि अरुण याच्या जन्माची कथा महाभारताच्या आदिपर्वांत आली आहे. सवतीला पुत्र झालेले पाहून विनतेला धीर निघेना. तिनें आपलें अंडें वेळेपूर्वींच फोडलें, आणि आंतून कमरेवर पूर्ण व कमरेखालीं अपुरें असें बालक बाहेर आलें. ज्याला ऊरु, म्हणजे मांड्या, नाहींत तो ‘अनूरु’. हेंच त्या अरुणाचें दुसरें नांव. पुढें हाच अनूरु सूर्याच्या घोड्यांचे लगाम हातीं घेऊन साऱ्या जगाला दिसणाऱ्या प्रवासाचा चालक झाला. आपल्या पूर्वजांना या गोष्टींत कांहीं विसंगत वाटलें नाहीं, आणि वाटण्याचें कारणहि नव्हतें. रथ हांकावयाचा तो हातांनीं, डोळ्यांनीं आणि बुद्धीनें. बैलगाडी हांकणाऱ्याच्याहि हातांतच कासरा असतो. त्याचे पाय बहुधा नुसते लोंबत असतात. सारथ्याशीं पायांचा संबंध जोडला तो मोटारीनें. हा संबंध कसा जडला, ज्यांचे पाय चालत नाहींत त्यांनीं तो कसा तोडला, आणि आपल्या महाराष्ट्रांत त्यांतलें काय पोंचलें, याचा थोडासा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

हा विषय मूठभर लोकांचा आहे, असें कोणास वाटेल. म्हणून प्रथम तो आपल्या घराजवळ आणून पाहूं. कल्याण–कसारा लोहमार्गावर टिटवाळ्याच्या पुढचें स्टेशन खडवली. भातसा नदीच्या कांठचें हें गांव. कल्याणपासून वाशिंदपर्यंतचा लोहमार्ग १८५५ सालच्या ऑक्टोबरांत सुरू झाला. म्हणजे या गांवाजवळून आगगाडी धांवूं लागली त्याला आतां एकशेंसत्तर वर्षें झालीं. येथून कल्याण सतरा-अठरा किलोमीटर. धडधाकट माणसाच्या दृष्टीनें हें अंतर म्हणजे वर्तमानपत्राचीं दोन पानें वाचण्याइतकें. परंतु पोलिओनें किंवा पाठीच्या कण्याला झालेल्या इजेनें ज्याचे पाय गेले, त्याच्या दृष्टीनें तें किती आहे? स्टेशनाच्या पुलाच्या पायऱ्या, फलाट व डबा यांमधील फट, क्षणभर थांबून सुटणारी गाडी आणि दारांतील गर्दी, हीं त्यानें किलोमीटरांत कशीं मोजावीं? मुंबईच्या लोकलगाड्यांना अपंगांसाठीं राखीव डबा असतो हें खरें. पण त्या डब्यापर्यंत पोंचण्यासाठीं दुसऱ्याचा खांदा लागतो. ज्याला दोघांनीं उचलून चढवावें व दोघांनीं उचलून उतरवावें, तो तिकीट काढूनहि प्रवासी राहत नाहीं. तो सामान होतो. स्वतःच्या हातांनीं चालणारें वाहन ही अशा माणसाची चैन नव्हे. शाळा, नोकरी, दवाखाना आणि मित्राचें घर यांच्याशीं त्याला जोडणारा तो एकच धागा असतो.

या धाग्याचा इतिहास सतराव्या शतकापर्यंत मागें नेतां येतो. जर्मनींतील न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ या गांवीं श्टेफान फार्फलर नांवाचा एक घड्याळजी राहत असे. त्याचे पाय निकामी होते. १६५५ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, त्यानें स्वतःसाठीं तीन चाकांची एक गाडी बनविली. दांतेरी चक्रें हातानें फिरविलीं कीं पुढचें चाक फिरे आणि गाडी चाले. घड्याळांत जी विद्या तो रोज वापरी, तीच त्यानें रस्त्यावर आणली. या विषयाच्या इतिहासांत पुढेंहि वारंवार असेंच दिसतें. ज्याला गरज आहे तो स्वतः, किंवा त्याच्या घरचें कोणी, नाहीं तर त्याच्या गल्लींतला एखादा लोहार, प्रथम हत्यार उचलतो. कारखानदार आणि कायदेपंडित मागाहून येतात.

मोटार आली तेव्हां तिच्यांतील कामांची वांटणी ठरलेली नव्हती. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीला पायाशीं तीन पट्ट्या होत्या: डावी गिअरची, मधली मागें जाण्याची आणि उजवी ब्रेकची. परंतु इंजिनास इंधन कमी-जास्त देण्याची कळ मात्र स्टिअरिंगच्या चाकाखालीं, उजव्या हाताशीं असे. म्हणजे ज्याला आज आपण अॅक्सिलरेटर म्हणतों, तें काम तेव्हां पायाचें नव्हतेंच. १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या. पुढें हळूहळू सर्व कारखानदारांनीं क्लच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर यांची ओळीनें पायाशीं मांडणी केली व ती जगभर रूढ झाली. हातांतलें काम पायांकडे गेलें तें निसर्गनियमानें नव्हे. तो सोयीचा एक संकेत होता. संकेत माणसांनीं केलेला असतो, म्हणून तो माणसांना बदलतांहि येतो.

तो बदलून दाखविणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध नांव फ्रँकलिन रूझवेल्ट यांचें. १९२१ सालीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, त्यांना आजार झाला. निदान पोलिओचें झालें आणि पाय कायमचे गेले. जॉर्जिया संस्थानांतील वॉर्म स्प्रिंग्ज येथें ऊन पाण्याच्या झऱ्यांवर उपचारासाठीं ते जाऊं लागले. तेथेंच त्यांनीं एका फोर्ड गाडीला हातानें ओढावयाचे दांडे बसवून घेतले आणि खेड्यापाड्यांतून स्वतः मोटार हांकीत ते हिंडूं लागले. शेतकऱ्याच्या कुंपणाशीं गाडी थांबवावी, खालीं न उतरतां दोन घटका बोलावें, आणि पुढें निघावें, असा त्यांचा क्रम असे. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरहि त्यांनीं ही संवय सोडली नाहीं. १९३९ सालच्या जूनमध्यें इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ त्यांच्या हाइड पार्क येथील घरीं आलीं, तेव्हां त्यांनाहि रूझवेल्टनीं अशाच गाडींतून स्वतः फिरवून आणलें. ज्या जनतेला त्यांची चाकांची खुर्ची क्वचितच दिसली, तिला ते मोटार हांकतांना मात्र पुष्कळदां दिसले. चाकामागें बसलेला माणूस पांगळा दिसत नाहीं, हें त्या चतुर पुरुषानें ओळखलें होतें.

परंतु राष्ट्राध्यक्षाला जें मिळालें तें सामान्य माणसाला मिळावयास दोन गोष्टी घडाव्या लागल्या. पहिली यंत्रांतली. १९३९ साल संपत असतां ओल्ड्समोबिल कंपनीनें आपल्या नव्या गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ नांवाची आपोआप गिअर बदलणारी योजना आणली. क्लच दाबण्याचें काम नाहींसें झालें आणि पायांचीं तीन कामें दोनांवर आलीं. ही योजना अपंगांसाठीं केलेली नव्हती. धडधाकट माणसाचा कंटाळा वांचविण्यासाठीं ती होती. पण एकाची सोय ती दुसऱ्याची सुटका, असें येथें झालें. दुसरी गोष्ट वैद्यकांतली. पाठीचा कणा मोडलेले रुग्ण पूर्वीं फार काळ जगत नसत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत उपचार सुधारले. १९४४ सालीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें डॉक्टर लुडविग गुटमन यांनीं अशा जखमींसाठीं स्वतंत्र विभाग चालविला. हजारों तरुण सैनिक जगले आणि ‘आतां आम्ही जावें कसें?’ असें विचारूं लागले. अमेरिकेनें १९४६ सालीं कायदा करून पाय गमावलेल्या सैनिकांना मोटारीसाठीं सोळाशें डॉलरपर्यंत मदत देऊं केली.

आतां या ‘हँड कंट्रोल’ नांवाच्या साधनाची रचना पाहूं. ती अगदीं साधी आहे. एक दांडा ब्रेकच्या पट्टीला आणि दुसरा अॅक्सिलरेटरच्या पट्टीला जोडलेला असतो. दोहोंची मूठ स्टिअरिंगच्या चाकाजवळ येते. सामान्यतः मूठ पुढें ढकलली कीं ब्रेक लागतो. आपल्याकडे ओढली किंवा खालीं दाबली कीं वेग वाढतो. ही दिशा सहज ठरलेली नाहीं. ज्याच्या कमरेखालचें अंग निकामी आहे त्याचा धडावरील तोलहि पुष्कळदां कमी असतो. अवचित ब्रेक लागला कीं तो पुढें झुकतो. पुढें ढकलण्यानें वेग वाढत असता, तर झुकतांच गाडी उसळली असती. पुढें ढकलणें म्हणजे थांबणें असें ठरविल्यामुळें झुकणारें शरीरहि थांबविण्यासच मदत करतें. एक हात सतत या मुठीवर असतो, म्हणून चाक एका हातानें फिरवितां यावें यासाठीं त्यावर एक गोल बोंड बसवितात.

अशी जोडणी दोन प्रकारची असते. एक गाडीला भोकें पाडून कायमची बसविलेली. दुसरी सुटी, बरोबर नेण्याजोगी. सुटीचे चिमटे पट्ट्यांना स्क्रूनें आवळावयाचे, आणि काम झालें कीं काढून पिशवींत ठेवावयाचे. मित्राची गाडी असो, भावाची असो, परगांवीं भाड्यानें घेतलेली असो, आपले पाय आपण पिशवींतून घेऊन गेलों, असाच त्याचा अर्थ. या सुट्या साधनाचीं बंधनेंहि स्पष्ट सांगितलीं पाहिजेत. क्लच असलेल्या गाडींत तें सहसा चालत नाहीं. चिमटा ढिला राहिला तर अनर्थ होईल, म्हणून प्रत्येक वेळीं गाडी उभी असतांच दोन्ही दांडे दाबून पाहावे लागतात. निकामी पायांनाहि कधीं कधीं आचके येतात. अशा वेळीं पाय पट्टीवर पडूं नये याची तजवीज करावी लागते. आणि सरावावांचून कोणीहि हें साधन घेऊन रहदारींत शिरूं नये.

इंग्लंडनें मात्र युद्धानंतर निराळा मार्ग धरला. बर्ट ग्रीव्ह्ज या यंत्रज्ञानें आपल्या अपंग चुलतभावासाठीं, डेरी प्रेस्टन-कॉब याच्यासाठीं, एक हातांनीं चालणारी गाडी तयार केली. त्यांतून ‘इन्व्हाकार’ ही तीन चाकांची लहानशी मोटार जन्मली आणि सरकारनें ती हजारों अपंगांना दिली. हेतु थोर होता. पण त्या गाडींत आसन एकच होतें. बापाला मुलाला शाळेंत सोडतां येईना, बायकोला बाजारांत नेतां येईना. खास अपंगांसाठीं म्हणून केलेल्या वस्तूनें त्याला बाहेर काढलें, आणि एकटें पाडलें. १९७७ सालीं ‘मोटॅबिलिटी’ ही योजना निघाली व साध्याच मोटारी आवश्यक त्या फेरफारांसह मिळूं लागल्या. २००३ सालच्या मार्चअखेर इन्व्हाकारला रस्त्यावर बंदी झाली. खास वाहन कीं साध्या वाहनाला जोड, हा वाद असा अर्ध्या शतकानें मिटला.

हाच वाद आपल्याकडे कायद्याच्या पोटांत दडून बसला होता. इंग्रजी कायद्याच्या वळणावर झालेल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ म्हणजे अपंगाचें वाहन याची व्याख्या होती: अपंगासाठीं खास आंखलेलें व बांधलेलें, नुसतें फेरफार केलेलें नव्हे. १९८८ च्या नव्या कायद्यानें हे शब्द तसेच ठेवले. आतां अशीं खास वाहनें बांधणारा मोठा कारखाना आपल्याकडे कोठें होता? जें कायद्याला हवें तें बाजारांत नव्हतें, आणि जें लोक गल्लींतल्या कारागिराकडून करून घेत होते तें कायद्याच्या व्याख्येंत नीट बसत नव्हतें.

महाराष्ट्रांत अपंगांच्या पुनर्वसनाचें काम मात्र जुनें आहे. पहिल्या महायुद्धांतील जायबंदी सैनिकांना धंदे शिकविण्यासाठीं १९१७ सालीं ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ सुरू झाली. पुण्याजवळ खडकी येथें ती नांवारूपास आली. मुंबईंत १९४७ सालीं फातिमा इस्माईल यांच्या पुढाकारानें पोलिओग्रस्त मुलांसाठीं संस्था निघाली. त्यांच्या स्वतःच्या मुलीला हा आजार झाला होता. १९५५ सालीं हाजी अली येथें पुनर्वसनवैद्यकाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. १९७४ सालीं खडकीसच कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठीं ‘पॅराप्लेजिक होम’ उघडलें. या संस्थांनीं माणसांना बसावयास, काम करावयास आणि जगावयास शिकविलें. पण संस्थेच्या फाटकाबाहेर पडल्यावर पुढें काय? बहुतेकांच्या वाट्यास आली ती हातानें दांडे फिरवून चालविण्याची तीनचाकी. चढावर ती दमविते, पावसांत भिजविते, आणि खडवलीहून कल्याण गांठण्याचा विचारहि तिच्यांतून करवत नाहीं.

मोटारीची वाट अधिकच बिकट होती. कित्येक दशकें आपल्या रस्त्यांवर मुख्यतः अॅम्बॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट याच दोन जातींच्या मोटारी दिसत. दोहोंना क्लच होता. हातांनीं हांकावयाचें तर तिसरा दांडा हवा, आणि तो बसविणारा हुन्नरी मिस्त्री हवा. ज्यांना मिस्त्री आणि पैसा दोन्ही मिळाले त्यांनींच हें केलें.

खरा पालट झाला तो लहानशा वाहनानें. लूना काढणाऱ्या अहमदनगरच्या फिरोदिया मंडळींच्या कायनेटिक उद्योगानें जपानच्या होंडा कंपनीशीं हातमिळवणी करून १९८४ सालीं ‘कायनेटिक होंडा’ ही स्कूटर बाजारांत आणली. तिला गिअर बदलावे लागत नसत, आणि किक मारण्याचीहि गरज नव्हती. बटण दाबलें कीं इंजिन सुरू. ही गाडीहि अपंगांसाठीं म्हणून निघाली नव्हती. परंतु पाहतां पाहतां ठिकठिकाणच्या वेल्डिंगच्या दुकानांतून तिच्या मागच्या चाकाच्या दोहों बाजूंस दोन जादा चाकें बसूं लागलीं. ज्याला उभें राहतां येत नव्हतें, त्याला तोल सांभाळण्याची चिंता उरली नाहीं. एकविसाव्या शतकांत होंडाची अॅक्टिव्हा आली व तिनें हीच परंपरा पुढें चालविली. अशी स्कूटर वळणावर कलत नाहीं, म्हणून वळणापूर्वींच वेग कमी करावा लागतो. खड्ड्यांत एक चाक गेलें तर हिसका बसतो. तरीहि टिटवाळ्याच्या रस्त्यानें असो, वा पडघ्याकडून महामार्गानें असो, खडवलीचा माणूस आतां कोणाच्या खांद्यावांचून कल्याण गांठूं शकतो. मागच्या आसनावर पत्नीला किंवा मुलाला घेऊं शकतो. इंग्लंडच्या सरकारी गाडीला जें साधलें नाहीं, तें आमच्या निनांवी वेल्डरांनीं साधलें.

मोटारीच्या बाबतींत क्लचची अडचण दूर होण्यास अधिक काळ लागला. २०१४ सालीं मारुतीनें सेलेरिओ गाडींत क्लचची पट्टी नसलेली, स्वस्त अशी गिअरयोजना आणली. तेव्हांपासून मध्यम घरांतहि दोन पट्ट्यांची मोटार येऊं लागली आणि सुटें साधन कामीं येईल अशी भूमि तयार झाली. हातांनीं मोटार हांकून काय साधतें, याचें उदाहरण दीपा मलिक यांनीं घालून दिलें. १९९९ सालीं कण्यावरील शस्त्रक्रियेनंतर त्यांचें छातीखालचें अंग निकामी झालें. आजच्या अहिल्यानगरांत, म्हणजे तेव्हांच्या अहमदनगरांत, त्यांचें कांहीं वर्षें वास्तव्य होतें. पुढें त्या मोटारींच्या खडतर शर्यतींत उतरल्या, आणि २०१६ सालीं रिओच्या पॅरालिंपिक स्पर्धेंत गोळाफेकींत त्यांनीं रौप्यपदक मिळविलें.

शेवटीं कायदाहि हलला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें, वैयक्तिक संचाराला उत्तेजन देणाऱ्या योजनांत वाहनांत मागाहून फेरफार करण्याचाहि समावेश केला. आणि २०१९ सालच्या दुरुस्तीनें मोटार कायद्यांतील ‘अपंगाचें वाहन’ हा शब्द जाऊन ‘फेरफार केलेलें वाहन’ असा शब्द आला. खास बांधलेलें असो वा मागाहून बदललेलें असो, दोन्ही आतां व्याख्येंत बसतात. ऐंशी वर्षें जें ‘नुसतें फेरफार केलेलें’ म्हणून बाहेर ठेवलें होतें, तें आंत आलें.

पण एक शब्द अजून तेथेंच आहे. असें वाहन ‘केवळ’ त्या व्यक्तीनें किंवा त्या व्यक्तीसाठीं वापरलेलें असावें, असें नवी व्याख्याहि म्हणते. आतां एखाद्या घरांत एकच मोटार आहे. ती सकाळीं मुलगी कचेरीस नेते, सायंकाळीं पाय नसलेला बाप सुटे दांडे लावून बाहेर काढतो. ती गाडी कोणाची? सुट्या साधनाचा सारा गुण त्याच्या सुटेपणांत आहे, आणि तोच गुण या ‘केवळ’ शब्दाशीं जुळत नाहीं. याचा उलगडा एकच दिसतो. परीक्षा व्हावी ती चालकाच्या कौशल्याची आणि साधनाच्या मजबुतीची. गाडी कोणाच्या मालकीची व तींत दुसरें कोण बसतें, हा प्रश्न दुय्यम मानावा. सुट्या साधनाला मान्यतेची कसोटी असावी, तें लावून चालविण्याचें शिक्षण देण्याची सोय असावी, आणि परवान्यावर त्याची स्पष्ट नोंद असावी.

हा प्रश्न मागें पडणारा नाहीं. पोलिओचा शेवटचा रुग्ण आपल्या देशांत २०११ च्या जानेवारींत आढळला आणि २०१४ सालीं देश पोलिओमुक्त ठरला; त्या आजाराचे बळी असलेली पिढी आतां उतारास लागली आहे. परंतु रस्त्यावरचे अपघात, लोकलगाड्यांतून पडणें, बांधकामावरून कोसळणें यांनीं तरुण माणसांचे कणे रोज मोडत आहेत. उद्यांचा अनूरु आपल्याच घरांतला असूं शकेल.

अशा घरांत यंत्राहूनहि आणि कायद्याहूनहि अवघड असा एक अडथळा असतो, आणि तो मायेचा असतो. ‘तुला कशाला त्रास? आम्ही सोडतों ना!’ असें प्रत्येक जण म्हणतो. त्यांत खोटें कांहीं नसतें. पण सोडावयास येणाऱ्याची वेळ पाहून ज्याला बाहेर पडावें लागतें, त्याचा दिवस त्याचा स्वतःचा राहत नाहीं. कोठें गेलों होतों, कोणाला भेटलों, उशीर कां झाला, याचा एक साक्षीदार सदैव त्याच्याबरोबर असतो. त्याला एकट्यानें निघूं द्यावें, वाटेंत चुकूं द्यावें, उशिरां परतूं द्यावें. आणि तो परत येईपर्यंत वाटणारी काळजी आपण, इतर कोणाहि जाणत्या मुलाविषयीं करतों तशी, मुकाट्यानें सोसावी. हे दोन दांडे व चार चिमटे घरांत आणतांना इतकीच तयारी घरच्यांनीं करावयाची आहे.